मास्तरांनी कातरलेला ब्रश

मित्रांनो, मी एक जुना, कातरलेला आणि आता तेलकट झालेला ब्रश आहे. ब्रश म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर बेसिनवरच्या पेल्यात ऐटीत उभा असलेला तो लांब दांड्याचा गृहस्थ येत असेल. तो मी नव्हे. तो दातांच्या पुढून फिरतो, मागून फिरतो, भरपूर फेस काढतो आणि सगळे काम आपणच केले अशा थाटात पुन्हा पेल्यात जाऊन बसतो. दोन दातांच्या मधल्या फटीत त्याचा एक केसही नीट पोहोचत नाही. त्या फटीत शिरणे हे माझे काम. मला इंटरडेंटल ब्रश म्हणतात. नाव एवढे मोठे, पण अंग काडीएवढे. एक बारीक तार, तिच्याभोवती आखूड केस आणि चिमटीत धरायला छोटासा हिरवा दांडा.

त्या फटीत काय काय असते ते आज मी सांगणार आहे. मला सांगताना मळमळेल आणि तुम्हाला वाचताना. जेवत असाल तर आधी जेवण आटपा, खळखळून चूळ भरा आणि मग वाचायला बसा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्यासारखी स्वच्छता मी पुन्हा कुठेही पाहिली नाही. कामाला येणाऱ्या बाया डोक्याला जाळीच्या टोप्या घालत, हातमोजे चढवत आणि शिंक आली तर यंत्रापासून लांब पळत. तिथे बारीक तारेला पीळ देऊन त्या पिळात माझे केस अडकवले गेले. मग ते टोकाकडे निमुळते केले आणि हिरडीला टोचू नयेत म्हणून त्यांची टोके गुळगुळीत केली. एका बाईने मला भिंगाखाली धरून उलटसुलट पाहिले आणि समाधानाने मान डोलावली. माझे कौतुक असे त्यानंतर कोणी केले नाही, म्हणून ती मान मला अजून आठवते. मग मला माझ्या भावंडांबरोबर एका पाकिटात बंद केले. आम्ही सगळे एकाच मापाचे होतो. आमच्या जातीत मापाला फार महत्त्व. रुंद फटीसाठी जाड ब्रश, अरुंद फटीसाठी बारीक. आम्ही जाडांपैकी होतो.

औषधांच्या दुकानात आम्ही पायाच्या कुरूपाच्या पट्ट्या आणि कानातला मळ काढायच्या काड्या यांच्यामध्ये लटकत होतो. शेजार बरा नव्हता, पण निदान सगळे बंद पाकिटात होते. एके दिवशी पांढऱ्या मिशांचा एक बारका माणूस आला. गळ्यात टेप लोंबत होती, कानावर खडूचा तुकडा होता आणि सदऱ्याला दोऱ्यांचे तुकडे चिकटले होते. तो शिंपी होता. गल्लीत सगळे त्याला मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणेन.

मास्तरांची दाढ दुखली होती. दातांच्या डॉक्टरबाईंनी दात स्वच्छ करून दिले होते आणि बजावले होते की हिरड्या सुजल्या आहेत, रोज रात्री दातांच्या फटींतून ब्रश फिरवा, पुढच्या दातांना बारीक घ्या आणि दाढांना जाड. दुकानदाराकडे फक्त जाड होते. बारीक चार दिवसांनी येतील, असे तो म्हणाला.

"हेच द्या," मास्तर म्हणाले. "माप मोठं असलं की काळजी नसते. आत घेता येतं."

तेव्हा मला या वाक्याचा अर्थ कळला नाही. कळला असता तर मी तिथल्या तिथे खुंटीवरून उडी मारून पळालो असतो.

मास्तरांचे दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. एका बाजूला कापड बेतायचे मोठे टेबल, दुसऱ्या बाजूला मशीन, मधे ट्रायलसाठी उभा आरसा. मागच्या दारापाशी मास्तरांची बायको स्टुलावर बसून काजे करी. सून वरच्या मजल्यावरून येऊन-जाऊन असे. आणि शाळेतून आली की दप्तर टाकून सरळ दुकानात घुसणारी नात होती. तिचे डोळे काळेभोर आणि वाटोळे, म्हणून मास्तरांनी तिचे नाव बटण ठेवले होते.

मास्तर कामाला चोख होते, त्याबद्दल दुमत नाही. त्यांची कात्री कोणी कागदाला लावली तर ते अख्खा दिवस त्या माणसाशी बोलत नसत. मशीनला रोज सकाळी तेल, रोज संध्याकाळी फडके. पण त्यांच्या तोंडाबद्दल विचाराल, तर आता माझा संयम संपतो.

मास्तरांना टाचण्या तोंडात धरायची सवय होती. मूठभर टाचण्या ओठांत, आणि लागेल तशी एकेक काढायची. इथवर मी सहन केले असते. पण जेवणानंतर दातात काही अडकले की मास्तर त्यातलीच एक टाचणी काढत, दाढेत घालून कोरत, निघाले ते बघत, जिभेने परत तोंडात घेत आणि टाचणी ओठांतल्या टाचण्यांत ठेवून देत. मग तीच टाचणी कुणाच्या तरी नव्या कोऱ्या शर्टाच्या कॉलरला लागे. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणे, "वा मास्तर, काय बसलीय कॉलर." मी हे सगळे उघड्या पाकिटातून पाहिले आणि मला शिसारी आली.

पहिल्या रात्री मास्तरांनी मला आरशासमोर नेऊन डाव्या बाजूच्या दोन दाढांमध्ये घातले. मित्रांनो, आत शिरताच मला वाटले की आपण चुकून एखाद्या बंद मोरीत उतरलो. अंधार, ओल आणि नाकातून मेंदूपर्यंत जाणारा वास. दाढेच्या एका भिंतीला दुपारच्या पालेभाजीचा धागा होता, तो मी समजून घेतला. त्याच्यामागे परवाचा शेंगदाणा होता. त्याच्यामागे जे होते ते कधी काळी अन्न असावे, पण आता त्याचे पांढरट, लिबलिबीत असे काहीतरी झाले होते आणि ते माझ्या केसांना असे चिकटले की मी बाहेर आलो तरी ते माझ्याबरोबर बाहेर आले. हिरडीच्या कडेला कीटणाची भिंत होती. भिंगाखाली पाहून जिने मान डोलावली होती ती बाई मला त्या क्षणी आठवली आणि मला रडू आले.

मास्तरांनी मला नाकाशी धरले. मला वाटले, आता तरी यांना कळेल. त्यांनी हुंगले, खांदे उडवले आणि मला न धुता, तसेच बरबटलेले, खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिले. मी रात्रभर त्या घाणीत पडून होतो. सकाळी ती माझ्या अंगावर वाळली होती.

आता जे सांगतो ते त्या घरात मास्तर सोडून सगळ्यांना ठाऊक होते. मास्तरांच्या तोंडाला वास येई. थोडाथोडका नाही. माप घेताना शिंप्याला गिऱ्हाइकाच्या अगदी गळ्याशी उभे राहावे लागते, आणि मास्तर गळ्याशी आले की गिऱ्हाईक मान वर करून छताकडे बघू लागे. काही जण डोळे मिटत. एक बँकेतला साहेब प्रत्येक वेळी नेमका तेव्हाच खोकायला लागे आणि रुमाल नाकाशी नेई. मास्तरांचा मात्र वेगळाच समज होता. ते बायकोला कौतुकाने सांगत, "हल्लीची गिऱ्हाइकं बघ, मापाला कशी ताठ उभी राहतात. मान वर केली की कॉलरचं माप बरोबर येतं."

बायको मान खाली घालून काजे करी आणि त्यांच्यापुढे लवंगांची डबी सरकवी. त्या माऊलीची जीभ तशी तिखट होती. उधार मागणाऱ्याला ती दारातच असे काही सुनवी की तो पुन्हा फिरकत नसे. पण नवऱ्याला एवढी एक गोष्ट सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. सून दुकानात आली की आधी खिडकी उघडत असे आणि "किती उकडतंय" म्हणे, थंडीच्या दिवसांतसुद्धा.

आणि बटण. तिची आणि आजोबांची एक गंमत होती. दुरुस्तीला आलेल्या कपड्यांच्या खिशांत काय काय सापडते, ते मास्तर तिला रोज संध्याकाळी सांगत. चॉकलेटचा कागद, अर्धी खोडलेली चिठ्ठी, एकदा तर वाळलेली गोगलगाय. पण ते फक्त कानात सांगत. गिऱ्हाइकाचा खिसा म्हणजे गिऱ्हाइकाची खाजगी बाब, ती मोठ्याने बोलायची नाही, हा मास्तरांचा नियम. बटण टेबलावर चढून कान पुढे करायची, मास्तर कुजबुजायचे आणि ती खिदळायची. मी त्या घरात आलो तेव्हा ही गंमत बंद पडली होती. बटण दारातच उभी राहून म्हणे, "आजोबा, तिथूनच सांगा ना."

"तिथून कसं सांगू? कानात सांगायचं असतं."

"मग राहू दे."

ती पळून जाई. मास्तर बायकोला म्हणत, "मोठी झाली गं. आता तिला म्हाताऱ्याच्या गोष्टी नको वाटतात." मग ते बराच वेळ रिकामेच मशीन फिरवत बसत. मला त्यांची किळस येत होती, पण त्या वेळी वाईटही वाटे. ती पोर मोठीबिठी काही झाली नव्हती, तिला फक्त तो वास सोसत नव्हता. आणि तो वास जिथून येत होता तिथे मीच रोज जात होतो.

दाढांमध्ये मी बसत होतो. पुढच्या दातांच्या फटी मात्र अरुंद. मास्तरांनी मला तिथे दामटून पाहिले, माझी तार वाकली, मी आत जाईना. दुसरा कोणी असता तर त्याने चार दिवस थांबून बारीक ब्रश आणले असते. पण मास्तर शिंपी होते. न बसणारी वस्तू परत करायची ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात येत नसे. त्यांनी मला उजेडात धरले, एक डोळा मिटून अंदाज घेतला आणि दोरे तोडायची छोटी कात्री उचलली.

मित्रांनो, त्यांनी मला आत घेतले. विजार कमरेत आत घेतात, तसे. माझे केस त्यांनी सगळीकडून कातरले, इतक्या सफाईने की दुसऱ्या कुणाबद्दल असते तर मी दाद दिली असती. कारखान्यात गुळगुळीत केलेली टोके टेबलावर पडली आणि माझ्या अंगावर नुसते खुंट उरले, दाढी वाढलेल्या गालासारखे. मास्तर खूष झाले. वाकलेली तार त्यांनी नखाने सरळ केली आणि मला पुढच्या दातांत घुसवले.

रक्त आले. सुजलेल्या हिरडीतून तसेही थोडे येतेच, डॉक्टरबाईंनी ते आधी सांगितलेही होते, पण हे माझ्या खुंटांनी बोचकारून आणलेले रक्त होते. लाळ, रक्त आणि त्या पांढऱ्या लिबलिबीत घाणीचा लगदा मी अंगावर घेऊन बाहेर आलो. तो रंग मी सांगत नाही. मास्तरांनी तो बेसिनमध्ये पाहिला आणि घाबरून मला बाजूला फेकले.

"असल्या वस्तूंनीच दात खराब होतात," ते बायकोला म्हणाले. "आमच्या वडिलांनी कधी तारा घातल्या होत्या तोंडात?"

"त्यांच्या तोंडात दात तरी कुठे होते," बायको म्हणाली आणि लवंगांची डबी पुढे सरकवली.

माझी भावंडे पाकिटासकट कपाटाच्या मागे पडली. मला मात्र फेकून देणे मास्तरांना जमेना. चिंध्या, रिकामी रिळे, मोडकी बटणे, काहीही न फेकणारा माणूस तो. दुसऱ्या दिवशी मशीनच्या सुईखालच्या पट्टीत दोऱ्यांचा भुगा अडकला होता. तिथे फडके जात नाही. मास्तरांनी मला घेऊन तिथे घातले आणि त्यांचे डोळे चमकले. मी त्या सांदीत असा बसलो की जणू त्यासाठीच कातरलो होतो. भुगा निघाला, बॉबिनच्या घरातली जाळीही निघाली.

खरे सांगतो, मला ते काम आवडले. कोरडा भुगा, स्वच्छ तेल, ना लाळ ना वास. मास्तर रोज संध्याकाळी माझ्याकडून मशीनची एकेक सांद साफ करून घेत, फुंकर मारत आणि बोट फिरवून बघत. त्या लोखंडाची एवढी निगा, आणि फुंकर ज्या तोंडातून येई त्याची ही दशा. फुंकर आली की मी श्वास रोखून धरी.

पण माझे नशीब कुठले तेवढे चांगले. एका दुपारी मास्तर एका गिऱ्हाइकाशी लग्नाच्या कोटाबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांची जीभ दाढेत काहीतरी चाचपत होती. टाचण्या हाताशी नव्हत्या. त्यांचा हात मशीनवर गेला, त्यांनी मला उचलले आणि भुग्यासकट, तेलासकट सरळ दाढेत घातले. गिऱ्हाईक बघतच राहिले. मास्तरांचे तोंड वाकडे झाले, ते उठून मोरीकडे धावले आणि काळे तेल थुंकत राहिले. बायकोने कपाळावर हात मारला. पुन्हा आत जाऊन जे काय माझ्या अंगाला लागले ते, वर मशीनचे तेल आणि निळ्या दोऱ्याचा भुगा, या मिश्रणाइतके ओंगळ मी आयुष्यात दुसरे काही पाहिलेले नाही. कोटवाले गिऱ्हाईक पुन्हा येतो म्हणून गेले आणि आले नाही.

तरीही मास्तरांच्या ध्यानात काही आले नाही. ध्यानात आले ते बटणमुळे.

बटणच्या शाळेत नाटक होते आणि तिला त्यात ढग व्हायचे होते. मास्तरांनी उत्साहाने पांढरे कापड बेतले, आत कापूस घालून ढगाला पोट केले, आणि एका संध्याकाळी तिला ट्रायलला आरशासमोर उभे केले. ओठांत टाचण्या घेऊन ते तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. मी मशीनवर पडून सगळे पाहत होतो. सून दारात होती, बायको स्टुलावर.

बटणने गाल फुगवले. मास्तरांनी पहिली टाचणी लावली. तिने गाल तसेच ठेवले. तोंड लाल होत चालले.

"वा," मास्तर टाचण्यांच्या आडून म्हणाले, "आत्तापासूनच ढग झालीस की."

त्यांच्या तोंडातून ते शब्द तिच्या नाकासमोर आले. पोरीने आणखी थोडा दम धरला आणि मग तिचा श्वास फस्सकन सुटला. ती झटक्याने मागे सरकली, अर्धी लावलेली टाचणी तिच्या दंडावर ओरखडत गेली आणि ती रडू लागली.

"टाचणी टोचेल म्हणून घाबरलीस होय? मी आहे ना," मास्तर म्हणाले आणि तिला जवळ घ्यायला पुढे झाले.

"नको," बटण म्हणाली. "मी टाचणीला नाही घाबरत. मी श्वास धरला होता."

"कशाला?"

"बटण, चल वर," सून म्हणाली.

"तुमच्या तोंडाचा वास येतो, आजोबा. खूप येतो. आई खिडकी उघडते ना, ती म्हणूनच उघडते."

सून तिला उचलून घेऊन गेली. ढगाचे पोट एका टाचणीवर लोंबत होते. मास्तर गुडघ्यांवरच बसून राहिले. त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या. मग हाताची ओंजळ तोंडापुढे धरून तिच्यात श्वास सोडला आणि हुंगला. त्यांना काही कळले नाही. ज्याचा वास त्यालाच येत नाही, ही आमच्या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे.

"खरं का गं?" त्यांनी बायकोला विचारले.

तिने काज पुरे करून दोरा तोडला. "लवंगा उगीच देत होते का?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत तुम्हाला तोंडावर बोलायचं एवढंच एक राहिलं होतं. ते पोरीने केलं."

"आणि गिऱ्हाइकं?"

तिने सुईत नवा दोरा ओवला. मास्तरांनी आरशात पाहिले, मग मान वर करून छताकडे पाहिले. तिथे बघण्यासारखे काहीच नव्हते. एक पंखा आणि ओलीचा डाग. त्या संध्याकाळी माप द्यायला आलेल्या दोघांना त्यांनी दारातूनच, तोंडावर हात धरून, उद्या या म्हणून सांगितले. मला या माणसाची किळस होती आणि अजूनही आहे, पण ते बघवत नव्हते.

सकाळी त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात घातले आणि डॉक्टरबाईंकडे नेले. तक्रार करायलाच नेले असावे. डॉक्टरबाईंनी मला कागदावर घेतले, दिव्याखाली फिरवले आणि त्यांचे नाक आक्रसले.

"हे काय आहे?"

"तुम्हीच सांगितलेला ब्रश," मास्तर म्हणाले. "ह्याने रक्त आलं."

"याला तेल कसलं लागलंय? आणि याचे केस कुणी कापले?"

"मी. माप मोठं होतं. जरा आत घेतला."

डॉक्टरबाई खुर्चीत मागे टेकल्या. मग त्यांनी मास्तरांच्या हाताच्या मागच्या बाजूवर मला हलकेच घासले. मास्तरांनी हात मागे घेतला.

"टोचलं ना? हेच तुम्ही सुजलेल्या हिरडीत घातलंत. मास्तर, हा माझा पांढरा कोट तुम्हीच शिवलाय. माप न घेता शिवलात का?"

"माप घेतल्याशिवाय मी कात्री हातात धरत नाही."

"मग तुमच्या तोंडानं काय घोडं मारलं होतं? ब्रश मापाचा घ्यायचा असतो, कातरून मापाचा करायचा नसतो."

मास्तरांनी विचारले, "डॉक्टरबाई, तुम्ही तर मास्क लावता. पण माझ्या दुकानात मापाला येता, तेव्हा?"

डॉक्टरबाईंना खोटे बोलता येत नव्हते. "तेव्हा छताकडे बघते," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी मास्तरांच्या एकेका फटीत वेगवेगळ्या जाडीचे ब्रश घालून पाहिले, मास्तर गिऱ्हाइकाच्या बाहीचे माप घेतात तितक्याच बारकाईने. जोर न लावता आत जाईल आणि केस दोन्ही बाजूंना हलके टेकतील, तोच खरा मापाचा. सरळ घालायचा, हलक्या हाताने मागे-पुढे फिरवायचा, दामटायचा नाही. रात्री झोपण्यापूर्वी, रोज. सुरुवातीला थोडे रक्त आले तर घाबरून सोडून द्यायचे नाही, सूज उतरली की ते कमी होते. तरी थांबले नाही तर परत दाखवायला यायचे. प्रत्येक वेळी ब्रश धुवायचा आणि केस झिजले की टाकून द्यायचा. टाचणी तोंडात घालायची नाही, एकही नाही. बोलता बोलता त्यांनी मला चिमट्याने उचलून कचऱ्याच्या डब्यावर धरले.

"तो राहू द्या," मास्तर घाईने म्हणाले. "मशीनला चालतो."

डॉक्टरबाईंनी हात टेकले. मला कागदात गुंडाळून परत दिले आणि हात साबणाने दोनदा धुतले. मला त्याचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केले असते.

आता पुढच्या दातांना बारीक ब्रश आले आणि दाढांना कपाटामागची माझी न कातरलेली भावंडे लागली. बायकोने कापडाची छोटी उशी शिवून तिला पट्टा लावला आणि मास्तरांच्या मनगटावर बांधली, टाचण्या खोचायला. रोज रात्री मास्तर आरशासमोर उभे राहत आणि चष्मा लावून एकेक फट साफ करत. मी मशीनवरून पाहत असे. पहिल्या दिवसांत माझी भावंडे जे अंगावर घेऊन बाहेर येत ते पाहून मी तोंड फिरवी. पण मास्तर आता ते नळाखाली धुऊन टाकत. रक्त हळूहळू कमी झाले. बेसिनमध्ये पडणारे पाणी एक दिवस स्वच्छ दिसले, आणि हिरड्यांचा जांभळा फुगीरपणा उतरला. लवंगांची डबी बायकोने बटणांच्या कप्प्यात ठेवून दिली.

मास्तरांना मात्र हे पटत नव्हते. ज्याचा वास आपल्याला आलाच नाही, तो गेला हे तरी कसे कळणार? ते माप घेताना तोंड बाजूला वळवत, बोलताना तोंडापुढे हात धरत. बायकोने सांगून पाहिले, "अहो, आता नाही येत." त्यावर ते म्हणाले, "तू आधीही काही बोलली नव्हतीस." बटण दुकानात येई, पण दारापर्यंतच.

नाटक तोंडावर आले आणि ढगाची शेवटची ट्रायल करणे भाग पडले. बटण आली ती गाल फुगवूनच आली. सवयीने. मास्तर तिच्यापुढे बसले नाहीत, तिच्या बाजूला बसले, तोंड दुसरीकडे करून. एका हाताने मनगटावरच्या उशीतून टाचणी काढायची, लावायची आणि लगेच तो हात पुन्हा तोंडावर. एक शब्द बोलत नव्हते. असा अबोल आणि वाकडा शिंपी मी पहिल्यांदाच पाहिला. सून खिडकीपाशी उभी होती. तिने खिडकी उघडली नव्हती.

बटणचा दम सुटला. आता तिला श्वास घेणे भागच होते. तिने घेतला, जपून, थोडासा. थांबली. मग आणखी एक घेतला, मोठा. तिने मान वळवून आजोबांकडे पाहिले.

"आजोबा, हात काढा."

मास्तरांनी मान हलवली.

"काढा ना."

तिने स्वतःच त्यांचा हात धरून खाली केला आणि आपले नाक त्यांच्या मिशांपाशी नेले. मास्तर डोळे मिटून बसले होते, गिऱ्हाइके मिटत तसे. बटणने जोरात हुंगले.

"कापडाचा वास येतोय," ती म्हणाली. मग कापसाचे पोट सांभाळत ती टेबलावर चढली, केस मागे केले आणि कान पुढे केला. "आज कोणाच्या खिशात काय सापडलं?"

बायकोने दोऱ्याचे रीळ उगीचच खाली टाकले आणि ते शोधायला वाकली. मग मास्तर उठले, टेबलापाशी गेले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ कुजबुजले. बटण खिदळली आणि म्हणाली, "खोटं!" मास्तर पुन्हा कुजबुजले. मी कान टवकारून ऐकायचा प्रयत्न केला, पण मला एक अक्षर ऐकू आले नाही. त्यांचा नियमच तसा होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना "आम्हाला जपा" अशी विनवणी करतात. मी तसे म्हणणार नाही. मला अजिबात जपू नका. माझे केस झिजले, तार वाकली की मला खुशाल टाका आणि नवा आणा, पण आणताना तुमच्या फटीच्या मापाचा आणा. रोज फिरवा आणि नीट धुवा. आपल्यापेक्षा जास्त निगा आपल्या मशीनची ठेवू नका. आणि तुमच्या घरात असे कोणी असेल, ज्याच्याजवळ जाताना सगळे छताकडे बघतात, तर तुम्ही बघू नका. त्याला सांगा. बटणसारखे तोंडावर सांगवत नसेल तर कानात सांगा. त्यासाठी अगदी जवळ जावे लागेल, तेवढा वेळ श्वास धरा.